एमस्लीप टाकून रेस जात नाही: कर्नल ड्रायव्हरमधली रेस कंडिशन मुळापासून कशी काढायची

विचारणा थोडक्यात अशी. एआरएम बोर्डावरच्या डेटा गोळा करणाऱ्या कार्डासाठी लिनक्सचा कॅरेक्टर डिव्हाइस ड्रायव्हर लिहिला आहे. कार्डाकडून इंटरप्ट आला की हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारं फंक्शन) एक वर्क (नंतर वर्कर थ्रेडवर चालायचं काम) शेड्यूल करतो. ते वर्क डेटा उचलतं आणि रीडमध्ये झोपलेल्या प्रोसेसला जागं करतं. ड्रायव्हर काढताना कर्नल अधूनमधून कोसळतो. कारण शोधायला प्रिंटके (कर्नलच्या लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकला की कोसळणं थांबतं. शेवटी रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) केफ्रीच्या (मेमरी सोडणारा कॉल) आधी १०० मिलिसेकंदांचा एमस्लीप (तेवढा वेळ नुसतं थांबणं) टाकला, आणि तेव्हापासून तक्रार नाही. एवढ्यावर भागेल का? नसेल तर खरी दुरुस्ती कशी करतात?

भागणार नाही. रेस म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन गोष्टींपैकी आधी कोण पोहोचतं यावर निकाल ठरणं. एमस्लीपमुळे ती गेलेली नाही, दोन घटनांमधली फट फक्त अरुंद झाली आहे. बोर्डावर लोड वाढला, वर्कर थ्रेडला सीपीयू मिळायला उशीर झाला, किंवा वर्क स्वतःच एखाद्या म्युटेक्ससाठी (एका वेळी एकालाच आत सोडणारं, वाट बघणाऱ्याला झोपवणारं लॉक) अडकून बसलं, की ते १०० मिलिसेकंद उलटून जातात आणि तोच क्रॅश पुन्हा येतो. यावेळी तो ग्राहकाकडे येतो, जिथे तुमच्या हातात सिरियल कन्सोलसुद्धा नसतो.

प्रिंटके टाकल्यावर बग का लपतो, तेही पाहून घ्या. ११५२०० बॉडच्या सिरियल कन्सोलवर सेकंदाला साधारण साडेअकरा हजार अक्षरं जातात. साठ अक्षरांची एक ओळ छापायला पाच मिलिसेकंद लागतात, आणि ज्या रेसची फट काही मायक्रोसेकंदांची असते तिच्यासाठी हा काळ प्रचंड आहे. शोधाशोध करायची तर ट्रेस_प्रिंटके वापरा. तो प्रत्येक सीपीयूच्या रिंग बफरमध्ये लिहितो, त्यामुळे वेळेचं गणित फारसं बिघडत नाही. एफट्रेस_डम्प_ऑन_ऊप्स चालू ठेवलं तर क्रॅश होतानाच तो बफर कन्सोलवर उतरतो.

आता तुमचा रिमूव्ह पाहू. तुम्ही दिलेला क्रम असा आहे: आधी कॅन्सल_वर्क_सिंक (बाकी वर्क रद्द करणं), मग फ्री_आयआरक्यू (इंटरप्टचा हँडलर काढणं), मग एमस्लीप, शेवटी केफ्री. प्रत्येक कॉल एकेकटा बरोबर आहे, चूक क्रमात आहे. एमस्लीप बाजूला ठेवून दोन सीपीयूंवर काय होऊ शकतं ते ओळीने लिहून काढू:

सीपीयू ०: कॅन्सल_वर्क_सिंक संपलं, आता एकही वर्क बाकी नाही
सीपीयू १: कार्डाचा इंटरप्ट आला, हँडलरने शेड्यूल_वर्क केलं
सीपीयू ०: फ्री_आयआरक्यू, चालू हँडलर संपेपर्यंत थांबलं आणि परत आलं
सीपीयू ०: केफ्री, ड्रायव्हरचा डेटा ठेवणाऱ्या स्ट्रक्चरची मेमरी सुटली
सीपीयू १: वर्कर थ्रेडने रांगेतलं वर्क उचललं, सुटलेली मेमरी वाचली

तिसऱ्या ओळीकडे नीट बघा. फ्री_आयआरक्यू हँडलर संपेपर्यंत थांबतं, पण हँडलरने जाता जाता रांगेत टाकलेल्या वर्कशी त्याचा काही संबंध नाही. तुम्ही वर्क आधी रद्द केलं आणि वर्क तयार करणारा मात्र चालूच ठेवला. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला हा प्रकार आहे. दुरुस्ती म्हणून नवं लॉक लागत नाही, क्रम उलटा करायचा: आधी कार्डाच्या रजिस्टरमध्ये इंटरप्ट बंद करा, मग फ्री_आयआरक्यू, मग कॅन्सल_वर्क_सिंक, आणि सगळ्यात शेवटी मेमरी. उगम आधी बंद, मग त्याने मागे ठेवलेलं निस्तरा.

इथे एक खाचखळगा आहे. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये वर्क आपलं काम संपवून कार्डाचा इंटरप्ट पुन्हा चालू करतं. तसं असेल तर तुम्ही रजिस्टरमध्ये बंद केलेला इंटरप्ट शेवटचं वर्क परत उघडून ठेवेल. इंटरप्टची लाइन दुसऱ्या डिव्हाइसबरोबर वाटून घेतलेली असेल तर तुमचा हँडलर गेल्यावरही कार्ड ती लाइन ओढत राहील, आणि कर्नल शेवटी ‘नोबडी केअर्ड’ म्हणत ती लाइनच बंद करेल. शेजारचं डिव्हाइस विनाकारण मरेल. म्हणून वर्क रद्द झाल्यावर रजिस्टरमध्ये इंटरप्ट पुन्हा एकदा बंद करा. टायमर आणि वर्क एकमेकांना उठवत असतील, म्हणजे टायमर वर्क शेड्यूल करतो आणि वर्क टायमर पुन्हा लावतं, तर कुठल्याही क्रमाने रद्द केलं तरी एक फट उरतेच. त्यासाठी ६.२ कर्नलपासून टायमर_शटडाउन_सिंक आहे, त्यानंतर तो टायमर कोणी लावायचा प्रयत्न केला तरी लागत नाही. वर्कसाठी तसंच डिसेबल_वर्क_सिंक ६.१० पासून आहे.

डेव्हएम फंक्शनं (घेतलेल्या गोष्टी कर्नलने आपोआप सोडायची सोय) वापरत असाल तर आणखी सावध राहा. डेव्हएमने घेतलेल्या गोष्टी रिमूव्ह परत आल्यानंतर, घेतल्याच्या उलट क्रमाने सुटतात. इंटरप्ट डेव्हएमने घेतला आणि स्ट्रक्चर मात्र रिमूव्हमध्ये हाताने केफ्री केलं, तर मेमरी गेल्यावरही हँडलर जिवंत असतो. प्रोबमध्ये (ड्रायव्हर डिव्हाइसला जोडताना चालणारं फंक्शन) आधी मेमरी, मग डेव्हएम_वर्क_ऑटोकॅन्सल, शेवटी इंटरप्ट असा क्रम ठेवला की सोडताना तो आपोआप योग्य उलटा होतो. डेव्हएम आणि हाताने सोडणं यांची सरमिसळ मला रिव्ह्यूमध्ये दिसली की मी आधी तिथेच थांबतो, कारण ड्रायव्हर काढतानाच्या रेस मोठ्या संख्येने त्याच सांध्यात सापडतात.

एवढ्यावर तुमचा हा क्रॅश जाईल, पण तुमच्या वर्णनात दुसरी रेसही दिसते. रीडमध्ये कोणी झोपलेलं असताना डिव्हाइस गेलं तर काय? एफऑप्सच्या (ड्रायव्हरच्या ओपन, रीड वगैरे फंक्शनांची यादी) ओनरमध्ये मॉड्यूल लावलेलं असेल तर फाइल उघडी असताना मॉड्यूल निघत नाही, म्हणून हा प्रश्न सहसा लक्षात येत नाही. पण सिसएफएसमधून (कर्नलमधली डिव्हाइसं फाइलींसारखी दाखवणारी व्यवस्था) अनबाइंड केलं, म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइसपासून सोडवला, किंवा डिव्हाइस उपटलं तर ती राखण उपयोगाची नाही. रिमूव्ह चालतो, मेमरी जाते, आणि ज्या प्रोसेसकडे फाइल उघडी आहे ती पुढच्या रीडला सुटलेल्या स्ट्रक्चरवर जाते. डिव्हाइसची नोंद काढणारं मिस्क_डीरजिस्टर नव्या ओपनला अडवतं, आधी उघडलेल्या फाइलींची वाट बघत नाही.

त्यावर उपाय म्हणजे स्ट्रक्चरचं आयुष्य डिव्हाइसच्या आयुष्यापासून सोडवायचं. स्ट्रक्चर डेव्हएमशिवाय घ्या, त्यात केरेफ (किती जण ते वापरत आहेत हे मोजणारा काउंट) ठेवा, एक रेफरन्स प्रोबचा आणि प्रत्येक ओपनचा एकेक. रिमूव्हने म्युटेक्स धरून ‘डिव्हाइस गेलं’ असा फ्लॅग लावायचा, वेक_अप_ऑलने झोपलेल्यांना उठवायचं, आणि आपला रेफरन्स सोडायचा. रीडने जागं झाल्यावर तोच म्युटेक्स धरून फ्लॅग बघायचा आणि ईनोडेव्ह (‘डिव्हाइस नाही’ ही त्रुटी) परत करायचं. शेवटची फाइल बंद होईल तेव्हा मेमरी सुटेल. ओपनमध्ये मायनर नंबरवरून (डिव्हाइसच्या फाइलीचा क्रमांक) स्ट्रक्चर शोधणं आणि केरेफ_गेट (काउंट एकने वाढवणं) करणं या दोन्ही गोष्टी एकाच म्युटेक्सखाली हव्यात, आणि रिमूव्हने यादीतून नाव काढणंही त्याच म्युटेक्सखाली. शोधल्यावर लॉक सोडून मग गेट केलं, तर मधल्या क्षणी शेवटचा रेफरन्स जाऊ शकतो. सुटत असलेल्या वस्तूचा काउंट शून्यावरून एकवर नेल्याने ती जिवंत होत नाही. ४.११ मध्ये आलेला रेफकाउंट_टी हा प्रकार अशा वेळी नुसता मोजत बसत नाही, तो इशारा छापतो. केरेफच्या आत आता तोच आहे.

माझं सांगणं खरं तर एकच आहे. कुठे लॉक घालू, हा प्रश्न नंतरचा. आधी प्रत्येक सामायिक डेटाबद्दल लिहून काढा की त्याला कोण कोण हात लावतं (प्रोसेस, हँडलर, वर्क, टायमर), त्याला कुठलं लॉक राखतं, आणि तो मरतो कधी. लॉक कोडला नसतं, डेटाला असतं. स्ट्रक्चरच्या व्याख्येतच प्रत्येक फील्डशेजारी कॉमेंट लिहा की हे फील्ड अमुक लॉकखाली. ज्या फंक्शनला लॉक धरलेलंच हवं असतं त्यात लॉकडेप_असर्ट_हेल्ड टाका. कॉमेंट कालांतराने खोटी होते, असर्ट मात्र तिथल्या तिथे ओरडतो. ही यादी लिहिताना एखाद्या फील्डसमोर लॉकचं नाव सुचत नाही, तिथे बहुतेक वेळा रेस सापडते.

खऱ्या कर्नलमधलं उदाहरण घ्या, कारण त्यात हे स्वच्छ दिसतं. पॅकेट सॉकेटच्या (नेटवर्कवरची कच्ची पॅकेटं वाचायची सोय) कोडमध्ये २०११ मध्ये टीपॅकेटची, म्हणजे त्याच्या रिंग बफरच्या मांडणीची, तिसरी आवृत्ती आली. सेटसॉकऑप्ट या कॉलने आवृत्ती बदलता येते आणि रिंग बफर उभारता येतो. रिंग उभारताना आवृत्ती तिसरी असेल तर पॅकेट_सेट_रिंग एक टायमर तयार करतं. सॉकेट बंद करताना आवृत्ती तिसरी असेल तरच तो टायमर काढला जातो. म्हणून नियम हवा की रिंग असेल तोवर आवृत्ती बदलायची नाही. तशी तपासणी कोडमध्ये होतीही: रिंग असेल तर ईबिझी (‘व्यस्त आहे’ ही त्रुटी) परत कर. पण ती लॉकशिवाय होती. एक थ्रेड पॅकेट_सेट_रिंगच्या आत आहे, टायमर तयार झाला आहे, रिंगचा पॉइंटर अजून स्ट्रक्चरमध्ये बसायचा आहे, आणि नेमक्या त्या क्षणी दुसरा थ्रेड आवृत्ती पहिली करून टाकतो. त्याला रिंग दिसत नाही, त्यामुळे ईबिझी मिळत नाही. पुढे सॉकेट बंद होतं, आवृत्ती पहिली दिसते, टायमर काढला जात नाही, मेमरी सुटते, आणि टायमर त्याच मेमरीतला फंक्शन पॉइंटर चालवतो. साध्या युजरला रूट (सगळे अधिकार असलेला युजर) होता येईल इतकं ते गंभीर होतं. २०१६ च्या डिसेंबरात फिलिप पेटरसन यांनी ते उघड केलं, सुरक्षा त्रुटींच्या यादीतला क्रमांक सीव्हीई-२०१६-८६५५.

दुरुस्ती बघण्यासारखी आहे. आवृत्ती बदलताना तपासणी आणि नेमणूक दोन्ही लॉक_सॉकच्या (सॉकेटचं लॉक) आत आल्या, आणि पॅकेट_सेट_रिंगच्या सुरुवातीलाच तेच लॉक घेतलं गेलं. बदल छोटासा आहे. आवृत्ती आणि रिंग ही दोन वेगळी फील्डं नाहीत, त्यांच्यात एक नियम आहे, आणि तो नियम एकाच लॉकखाली राखला पाहिजे, हे त्यामागे ओळखलेलं आहे. दोन्हीपैकी एकाच बाजूला लॉक घातलं असतं तर काहीच साधलं नसतं. आवृत्तीचं फील्ड अॅटॉमिक (ज्याचं वाचन-लेखन मध्येच तुटत नाही असं) केलं असतं तरीही नाही, कारण प्रत्येक वाचन आणि लेखन एकेकटं अखंडच होतं. तुटत होता तो त्यांच्यामधला संबंध. अॅटॉमिक_रीड करून बघायचं आणि मग अॅटॉमिक_सेट करायचं, हा कोड मला आजही वारंवार दिसतो. त्यात अॅटॉमिक काही नाही. तिथे टेस्ट_अँड_सेट_बिट किंवा कम्पेअर-एक्स्चेंज लागतं, नाहीतर सरळ लॉक.

‘इतकी दुर्मिळ रेस कोणाला लागणार?’ असं तुमच्या टीममध्ये कोणी म्हणत असेल तर त्यांना डर्टी काऊ सांगा. वाचनापुरत्या मॅप केलेल्या फाइलीत लिहू देणारी मेमरी व्यवस्थापनातली ही रेस लिनस टॉरव्हाल्ड्सनी २००५ मध्येच दुरुस्त करायला घेतली होती. ती दुरुस्ती एस-३९० वर (आयबीएमच्या मेनफ्रेमचा प्रकार) अडचणीची ठरली म्हणून मागे घेतली गेली. २०१६ मध्ये ऑक्टोबरात ती पुन्हा दुरुस्त झाली तेव्हा तिचा प्रत्यक्ष गैरवापर होत होता. त्या पॅचच्या संदेशात टॉरव्हाल्ड्सनी कारण लिहिलं आहे: मधल्या काळात मेमरी व्यवस्थापन अधिक सीपीयूंवर समांतर चालण्याजोगं झालं, आणि पूर्वी कागदावरची असलेली रेस घडवणं सोपं झालं. तुमचा ड्रायव्हरही उद्या जास्त कोअरच्या बोर्डावर जाणारच आहे.

लॉक निवडताना तुमच्या ड्रायव्हरला फार पर्याय नाहीत, आणि ते बरंच आहे. हँडलर आणि प्रोसेस दोघं ज्या डेटाला हात लावतात तिथे स्पिनलॉक (वाट बघणारा न झोपता फिरत राहतो असं लॉक), आणि प्रोसेसच्या बाजूने स्पिन_लॉक_आयआरक्यूसेव्हच, जे त्या सीपीयूवरचे इंटरप्टही बंद ठेवतं. साधा स्पिन_लॉक धरलेला असताना त्याच सीपीयूवर इंटरप्ट आला, तर हँडलर त्याच लॉकसाठी फिरत बसेल आणि लॉक धरणारा कधीच पुढे जाणार नाही. स्पिनलॉकच्या आत कॉपी_टू_युजर (युजरच्या मेमरीत डेटा नेणं) नको, जीएफपी_कर्नलने मेमरी मागणं नको, दोन्ही झोपू शकतात. जिथे फक्त प्रोसेस आणि वर्क आहेत तिथे म्युटेक्स. हँडलर डेटा टाकतो आणि एकटं वर्क तो काढतं, एवढंच असेल तर केफायफो (कर्नलमधली तयार रांग) वापरा. एक लिहिणारा आणि एक वाचणारा असेल तोवर त्याला वेगळं लॉक लागत नाही, लागणारे बॅरिअर (मेमरीतल्या वाचन-लेखनाचा क्रम राखणाऱ्या सूचना) त्याच्या आत आहेत.

हे बॅरिअर एआरएमवर खरोखर लागतात. हँडलरने बफर भरून मग ‘तयार’ फ्लॅग लावला, तर एक्स८६ वर ही दोन लेखनं त्याच क्रमाने दिसतात. एआरएमवर दुसऱ्या कोअरला फ्लॅग आधी आणि डेटा नंतर दिसू शकतो. लॅपटॉपवर टेस्ट पास, बोर्डावर कचरा डेटा, अशी लक्षणं दिसली तर पहिला संशय इथे घ्या. लिहिणाऱ्याकडे एसएमपी_स्टोअर_रिलीज, वाचणाऱ्याकडे एसएमपी_लोड_अक्वायर, दोन्ही जोडीने. दोन्ही बाजू एकच स्पिनलॉक घेत असतील तर यातलं काही करावं लागत नाही, आणि माझा सल्ला तोच आहे. फ्लॅगपुढे व्होलाटाइल लिहून काहीही सुटत नाही. रीड_वन्स आणि राइट_वन्सचंही तसंच: कंपायलरने वाचन तोडू नये किंवा दोनदा करू नये एवढीच हमी ते देतात. डेटा रेसचा रिपोर्ट गप्प करायला ते लावलेले दिसले की मी त्या ओळीचं कारण लेखी मागतो. आरसीयूचा (लॉक न घेता वाचू देणारी पद्धत) विचार तुमच्या ड्रायव्हरसाठी आत्ता करू नका. वाचन प्रचंड आणि लेखन क्वचित असेल तेव्हा ते अप्रतिम आहे, तुमच्याकडे तसं काही नाही.

आता दुरुस्ती खरी ठरली हे कसं कळणार? ज्या एमस्लीपने तुम्ही बग लपवला, तसलाच विलंब डीबग कर्नलमध्ये बग उघडा पाडायला वापरा. जुन्या कोडमध्ये कॅन्सल_वर्क_सिंक आणि फ्री_आयआरक्यू यांच्यामध्ये एमस्लीप टाका, वर्कच्या सुरुवातीला त्याहून मोठा टाका, कार्डाला इंटरप्ट देत ठेवा आणि सिसएफएसमधून बाइंड-अनबाइंडची लूप चालवा. महिन्यातून एकदा होणारा क्रॅश काही फेऱ्यांत हमखास झाला, तर तुमचं निदान बरोबर. मग दुरुस्ती घाला, हे विलंब तसेच ठेवा आणि तीच लूप रात्रभर चालवा. बग हवा तेव्हा घडवता येत नसेल तर दुरुस्ती झाली असं मी मानत नाही.

त्या डीबग कर्नलमध्ये केसॅन (सुटलेल्या मेमरीचा वापर पकडणारं), प्रूव्ह_लॉकिंग (लॉकडेप, म्हणजे लॉक घेण्याच्या क्रमाची तपासणी), डीबग_अॅटॉमिक_स्लीप (जिथे झोपायचं नाही तिथे झोपणं पकडणारं) हे चालू हवेतच. केसॅनचा रिपोर्ट आला की वरचा पहिला स्टॅक बघून थांबू नका. खाली ‘अॅलोकेटेड बाय’ आणि ‘फ्रीड बाय’ असे आणखी दोन स्टॅक असतात, आणि रेसची दुसरी बाजू तिथे नावानिशी मिळते. लॉकडेपचं बळ असं की डेडलॉक प्रत्यक्ष व्हावा लागत नाही, लॉक घेण्याचे दोन विसंगत क्रम वेगवेगळ्या वेळी दिसले तरी तो सांगतो. तुमच्या बगसाठी सगळ्यात नेमकं हत्यार डीबग_ऑब्जेक्ट्स आहे, त्यातले फ्री, वर्क आणि टायमर्स हे पर्याय. रांगेत असलेलं वर्क ज्या मेमरीत आहे ती सोडली की केफ्रीच्याच क्षणी ‘फ्री अॅक्टिव्ह’ असा इशारा येतो, वर्कर थ्रेड तिथे पोहोचण्याची वाट बघावी लागत नाही. हा पर्याय ड्रायव्हर लिहिणाऱ्यांमध्ये जितका वापरला जायला हवा तितका वापरला जात नाही, याचं मला वाईट वाटतं. डेटा रेससाठी केसीसॅन ५.८ पासून आहे. तो एखाद्या वाचन-लेखनावर पहारा लावून थोडा थांबतो आणि मधल्या वेळेत दुसरं कोणी तिथे आलं का ते बघतो. तो केसॅनबरोबर एकाच कर्नलमध्ये चालत नाही, म्हणून दुसरा बिल्ड करावा लागेल.

ड्रायव्हरमध्ये आयऑक्टल (युजरने डिव्हाइसला खास आज्ञा द्यायचा कॉल) असेल तर एक गोष्ट लगेच तपासा: युजरच्या मेमरीतून लांबी एकदा तपासायला आणि पुन्हा वापरायला अशी दोनदा वाचली आहे का? दोन वाचनांच्या मध्ये युजरचा दुसरा थ्रेड ती बदलू शकतो. एकदाच कॉपी करा, आणि पुढे फक्त ती कॉपी वापरा.

पॅच दोन करा: एक रिमूव्हच्या क्रमाचा, त्यातच तो एमस्लीप काढून टाका, दुसरा उघड्या फाइलींचा. पहिल्याच्या संदेशात वर लिहिली तशी सीपीयू ० आणि सीपीयू १ ची क्रमवारी द्या. रिव्ह्यू करणारा तीच आधी वाचतो, आणि ती लिहिता येत नसेल तर पॅच पाठवायची वेळ अजून आलेली नाही. ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये असेल तर फिक्सेस टॅगमध्ये हा क्रम ज्या कमिटने आणला त्याच्या हॅशची पहिली बारा अक्षरं द्या आणि स्टेबलला (जुन्या कर्नलमध्ये दुरुस्त्या नेणारी मेलिंग लिस्ट) सीसी करा. पहिल्या पॅचमध्ये डिसेबल_वर्क_सिंकचा मोह टाळा, ते ६.१० च्या आधीच्या कर्नलमध्ये मिळेलच असं धरून चालू नका. योग्य क्रमाने केलेलं कॅन्सल_वर्क_सिंक मात्र तुमचे ग्राहक जे जुने कर्नल चालवत आहेत तिथेही जसंच्या तसं लागेल.